आहेरातली फुलं

चौदाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर वासंतीला तिचं स्वतःचं फूल दिसलं. शेवग्याचं, चार फूट रुंद. पाकळीच्या काठावर एक काळी मुंगी होती, पुढचा पाय उचललेली. तो उचललेला पाय मिळावा म्हणून वासंती अर्धा तास ढेकळांवर गुडघे टेकून बसली होती आणि पुढे आठवडाभर लंगडत कॉलेजला गेली होती. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात सोनेरी, वळणदार इंग्रजी अक्षरांत सही होती. अपेक्षा. मुंगीनं सही केलेली नव्हती हे बरं, नाहीतर तिचीही पुसली असती.

"आत्या! या ना, या!" अपेक्षा दारातच आली. पियुषची बायको, वासंतीच्या धाकट्या भावाची, सुदर्शनची सून. तीन वर्षांपूर्वी या घरात आलेली. शिवलेली नऊवारी, नाकात नथ, हातात फोन. "कसं वाटतंय एन्ट्रन्स? सगळे म्हणतायत, एकदम हॉटेलसारखं."

"हॉटेलसारखंच आहे," वासंती म्हणाली. "कुठली वस्तू कोणाची, काही कळत नाही."

अपेक्षा हसली. टोमणा कळूनही हसायचं असतं, हे ती या घरात फार लवकर शिकली होती.

डेक्कनवरच्या एका कलादालनानं तिला येत्या फेब्रुवारीतले तीन दिवस दिले होते, तिच्या फुलांच्या प्रदर्शनासाठी. अठ्ठावन्न वर्षांत तिच्या एकटीच्या नावानं मिळालेली ही पहिली गोष्ट. आणि परवा तिथल्या बाईंचा फोन आला, फार सभ्य आवाजात. "वासंतीताई, तुम्ही पाठवलेले छापील फोटो आम्हाला अपेक्षा म्हणून एका आर्टिस्टच्या पेजवर दिसले. त्या हेच फोटो वॉल आर्ट म्हणून विकतात. उंड्रीतल्या एका टॉवरच्या लॉबीतही लागलेत म्हणे. सोमवारी संध्याकाळपर्यंत आम्हाला एकतर मूळ फाइली द्या, किंवा त्यांचं पत्र आणा की फोटो तुमचे आहेत. नाहीतर मग..." नाहीतरच्या पुढं त्या बोलल्या नाहीत. चोर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, इतकंच.

आज रविवार. आणि मूळ फाइली होत्या पियुषकडे. दोन वर्षांपूर्वी "आत्या, द्या ती हार्ड डिस्क, बॅकअप करून आणतो" म्हणून भाचा घेऊन गेला होता. आत्यानंही दिली, वर शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवून. शहाणपणाचं काय सांगावं!

वास्तुशांतीचा होम आटोपला होता, पण हॉलमध्ये धूर अजून रेंगाळत होता. वासंती सरळ स्वयंपाकघरात गेली. भाग्यश्री, सुदर्शनची बायको, नैवेद्याची ताटं पुसत उभी होती. तिनं वर पाहिलं आणि लगेच ताटाकडे पाहिलं. वासंतीला तेवढ्यावरूनच सगळं समजलं.

"तुला माहीत होतं."

"आक्का, हळू."

"हळूच बोलतेय. कधीपासून?"

भाग्यश्रीनं पदरानं कपाळ टिपलं. "लग्न झालं तेव्हा तिनं फोटो बघितले. म्हणाली, किती गोड, कोणी काढले? मी सांगितलं, आमच्या आक्कांनी. मग एके दिवशी बघते तर खाली तिची सही. मी म्हटलं पियुषला, अरे हे बरं दिसत नाही. तर म्हणतो, आई, तुला यातलं काही कळत नाही, तू गप्प राहा."

"आणि तू राहिलीस."

या बाईसमोर वासंतीला नीट रागावताही येत नव्हतं. नवऱ्याला सोडून वासंती माघारी आली तेव्हा भाऊकीनं तिचं काय काय केलं ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्या दिवसांत तिला चहा विचारणारी ही एकटी भावजय होती. सदाशिव पेठेतल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर वासंती दर फेब्रुवारी-मार्चच्या रविवारी उंड्रीला यायची, आणि पहाटे दोघी मळ्यात जायच्या. वारा सुटायच्या आत काम उरकावं लागायचं. फूल हललं की संपलं. म्हणून फांदीला कपडे वाळत घालायचा चिमटा, चिमटा बांधलेला काठीला, काठी मातीत खुपसलेली. मागं घरचीच काळी छत्री उघडून भाग्यश्री उभी राहायची, म्हणजे फुलामागं दुसरं काही दिसत नसे. "श्वास सोडू?" ती तोंड मिटूनच विचारायची. "थांब गं!" वासंती ओरडायची. पांगारा, कडुनिंब, आंब्याचा मोहोर, करंज. बारा वर्षं दोघींनी श्वास रोखले. मग मळा बिल्डरकडे गेला, झाडं तुटली, त्याला आता सहा वर्षं झाली. हा टॉवर त्याच मळ्यावर उभा होता.

"मी बोलते आज ह्यांच्याशी," भाग्यश्रीनं तिचा हात धरला. हात ओला होता. "देवाशपथ आक्का. आहेर उरकू द्या फक्त. तुमचे फोटो आहेत, मी साक्षीला आहे ना? मी नाही बोलणार तर कोण बोलेल?"

वासंतीला बरं वाटलं. फार बरं वाटलं. उगाच का खोटं सांगा.

बाहेर हॉलमध्ये हशा पिकला म्हणून दोघी दारात आल्या. लांब भिंतीवर दहा फ्रेमा एका ओळीत होत्या, प्रत्येकीखाली पितळी पट्टीवर इंग्रजी नाव. मधल्या मोठ्या फ्रेमसमोर गेनबा तात्या उभे होते. वडिलांचे चुलतभाऊ, ऐंशी पार, फेट्यातले. शेजारी पियुषच्या आयटी कंपनीतली चार पोरं-पोरी आणि पलीकडच्या टॉवरची लॉबी सजवणारी इंटिरियरवाली बाई. फ्रेममध्ये जांभळट गुलाबी फुलांचा घोस, पाकळीवरची शीर न् शीर दिसणारी. पट्टीवर लिहिलं होतं, 'चेरी ब्लॉसम'.

"मला हा पीस इतका आवडतो," इंटिरियरवाली सांगत होती. "जपानला गेल्यासारखं वाटतं."

तात्यांनी काठी उचलून काचेवर टेकवली. "आरं, ही तर उंदीरमारी हाय!"

"काय?"

"उंदीरमारी. बांधावर लावत्यात कुंपणाला. हिच्या बियांनी उंदीर मरत्यात. सुदर्शन, ए सुदर्शन! आपल्या हिरीकडच्या बांधावरची न्हाई का ही? शेरडं पाला खायची बघ हिचा."

"तात्या, ते जपानचं झाड आहे," अपेक्षा घाईनं म्हणाली.

"जपानचं? मग आमच्या बांधावर काय करत हुतं गं?"

पोरं फुटलीच हसून. इंटिरियरवालीनं चष्मा वर करून फोटोकडे पाहिलं, मग अपेक्षाकडे. अपेक्षाचे कान लाल झाले. वासंतीला आत कुठंतरी गार वाटलं, आणि त्याचबरोबर रागही आला. उंदीरमारीला उंदीरमारी म्हणायला काय झालं होतं? फुलाला स्वतःच्या नावानं भिंतीवर जायची लाज वाटत नव्हती.

"आक्का, जरा आत ये," सुदर्शन तिच्या कानाशी म्हणाला. पूजेचा मुकटा अजून अंगावर होता.

बेडरूमचं दार त्यानं लावून घेतलं. आत पियुष आणि अपेक्षा आधीच उभे होते. भाग्यश्री आली नाही.

"आजच करायचं होतं हे?" सुदर्शन म्हणाला.

"मी तोंड तरी उघडलं का अजून? तात्या बोलले." वासंतीनं पिशवी खाली ठेवली. "ऐका. मला दोन ओळींचं पत्र हवंय, फोटो माझे आहेत म्हणून. उद्या संध्याकाळच्या आत. नाहीतर माझी डिस्क द्या, मी पत्र मागत नाही."

"डिस्क करप्ट झाली आत्या," पियुष फरशीकडे बघत म्हणाला. "आय स्वेअर. रिकव्हरीला दिली होती, काही निघालं नाही."

"माझी बारा वर्षं करप्ट झाली आणि तू मला सांगितलंही नाहीस?"

"तुम्हाला टेन्शन नको म्हणून."

"केवढी काळजी रे माझी. मग पत्र द्या."

अपेक्षा पलंगाच्या कडेवर बसली. तिचे डोळे खरोखरच भरले होते. "आत्या, प्लीज समजून घ्या. लॉबीवाल्यांना मी लिहून दिलंय की हे माझं ओरिजिनल वर्क आहे. आता पत्र दिलं तर मी फ्रॉड ठरते. दुसऱ्या दोन टॉवरचं फायनल होतंय. माझं सगळं करिअर जाईल."

"आणि नाही दिलंस तर मी चोर ठरते."

"पण तुम्ही तर रिटायरच होताय ना आत्या."

हे ती कुजकेपणानं म्हणाली असती तर वासंतीनं तिथंच तिला सोलून काढली असती. पण पोरगी मनापासून बोलली. तिला ते खरंच तसं वाटत होतं.

"फोटो तुम्ही काढले, मान्य," अपेक्षा नाक पुसत पुढं म्हणाली. "पण कलर, क्रॉपिंग, प्रिंट, फ्रेम, ब्रँडिंग, सगळं माझं आहे. तुमच्याकडे तर ते नुसते पडून होते."

"कपाटात पडून असलेली वस्तू बेवारस नसते, बाई."

"आक्का, घरातल्या घरात कसलं माझं-तुझं करतेस?" सुदर्शन मध्ये पडला. "तुझी सून आहे ती. तिचं नाव झालं काय, तुझं झालं काय."

"मग माझंच होऊ दे की. एकच आहे ना?"

वासंतीचा आवाज चढला आणि मग फाटला. "हेच तू मळ्याच्या वेळी म्हणालास. घरातल्या घरात. मी सही केली. मळा बापाचा होता, भावाला गेला तर गेला, म्हटलं. पण हे मला बापानं दिलेलं नाही रे. कोणीच दिलेलं नाही. हे एवढं एकच मी केलंय आयुष्यात. तेवढ्यावर तरी माझं नाव राहू द्या."

बाहेर माइकवर कोणीतरी फूं फूं करत होतं. सुदर्शननं दाराशी जाऊन बाहेरचा कानोसा घेतला. मग वळला आणि, कित्येक वर्षांनी, त्यानं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं नाव पाहिजे ना? घेतो. चारचौघांत घेतो, आत्ता, सगळ्या भाऊकीसमोर. मग तर झालं?"

"आणि पत्र?"

"आधी हे तर होऊ दे."

वासंतीनं मान डोलावली. डोळे पुसले. धाकटा भाऊ अखेर वळला असं तिला वाटलं. वेडी! साठीला आली तरी वेडीच.

त्यांच्या भाऊकीत आहेर पुकारतात. कोणी कोणाला काय दिलं ते माइकवर, नावगावासकट. पुकारायचं काम ज्ञानदेवकडे, सुदर्शनच्या मावसभावाकडे. आवाज असा की त्याला माइकची गरजच नव्हती. आणि एकदा पुकारलं की ती वस्तू घेणाऱ्याची, त्यावर पुढं बोलायचं नाही. दिलेला आहेर मागं मागणारं माणूस या भाऊकीत अजून जन्मलेलं नव्हतं.

"प्रेमला मावशी, मुक्काम लोणी, यांच्याकडून घरधन्याला फेटा, घरधनिणीला साडी!" ज्ञानदेव गर्जत होता. "मामांकडून चांदीचा करंडा!" साठ-सत्तर माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती. सुदर्शननं त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. ज्ञानदेवनं ती लांब धरून वाचली.

"वासंतीआक्का, मुक्काम सदाशिव पेठ!" वासंतीनं पदर सावरला. "यांनी स्वतः काढलेले फुलांचे अकरा फोटो, आपल्या भाचेसुनेला, सौभाग्यवती अपेक्षाला, सर्व हक्कांसहित, कायमचे आहेर! होऊ द्या टाळ्या!"

टाळ्या झाल्या. जोरात झाल्या. अपेक्षानं डोक्यावर पदर घेतला, येऊन वासंतीच्या पायांवर डोकं ठेवलं. भाग्यश्री परतीच्या आहेराची साडी ताटात घेऊन पुढं आली. नाव घेतलं होतं. अगदी स्वच्छ, चारचौघांत. आणि त्याच दमात फोटोंवरचा तिचा हक्क काढून घेतला होता.

तिनं साडीला हात लावला नाही. ती उठली, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत गेली आणि ज्ञानदेवच्या हातातून माइक घेतला.

"मी हा आहेर केलेला नाही."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वर केल्या.

"फोटो मी काढलेत. पण मी ते कोणाला दिलेले नाहीत. माझ्या नकळत घेतले, त्यावर दुसऱ्याची सही केली. मला त्याचं दोन ओळींचं पत्र पाहिजे, बाकी काही नको. साडीही नको."

"आक्काचं बीपी वाढलंय," सुदर्शन हसत उठला. "उन्हातनं आलीय ना."

"आत्या, आपण मिळूनच काढले होते ना?" अपेक्षा म्हणाली. इंटिरियरवाली बघत होती. "मी काढायचे, तुम्ही फुलांची नावं सांगायचात."

वासंती दुसरीकडे वळली. "भाग्यश्री. तू सांग. मागं छत्री धरून तू उभी असायचीस. सांग सगळ्यांना, कॅमेरा कोणाच्या हातात असायचा?"

सगळी डोकी वळली. भाग्यश्री ताट धरून उभी होती, ताटात साडी, नारळ, कुंकवाचा करंडा. तिनं सुदर्शनकडे पाहिलं. पियुषकडे पाहिलं. पियुषनं काहीच केलं नाही, नुसता "आई" म्हणाला.

"अपेक्षाच्या," भाग्यश्री म्हणाली.

अपेक्षा या घरात आली त्याच्या तीन वर्षं आधीच बांधावर एक झाड उरलेलं नव्हतं, हे त्या सतरंजीवरच्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. त्यातल्या अर्ध्यांनी ती झाडं तुटताना पाहिली होती. गेनबा तात्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या मुलानं त्यांचा कोपर दाबला, तात्यांनी ते मिटलं आणि फेटा सारखा केला. ज्ञानदेवनं हळूच वासंतीच्या हातातून माइक काढून घेतला.

"मामेसासऱ्यांकडून," त्यानं घसा साफ केला, "पाण्याचा फिल्टर!"

वासंतीनं पिशवी उचलली. ती दारात चपला शोधत होती तेव्हा भाग्यश्री मागून आली, धापा टाकत.

"आक्का, मारा मला. पण मला इथंच राहायचंय हो. याच माणसांत, याच पोरासुनेच्या हातचं खाऊन. तुम्ही काय, जाल पेठेत आपल्या खोलीवर."

"हो," वासंती म्हणाली. "मी जाईन."

"दोन घास खाऊन तरी जा. आज वास्तुशांत आहे. लेक उपाशी गेली तर..."

"ठाऊक आहे मला काय होतं ते."

भाग्यश्री सुदर्शनला बोलवायला आत पळाली. वासंतीनं लिफ्टचं बटण दाबलं. तिच्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं. डिस्क नाही, साक्ष नाही, पत्र नाही. नव्या घरातून घरची लेक न जेवता गेली, हे मात्र भाऊकी विसरणार नव्हती. पियुषची नोकरी डळमळली, सुदर्शनचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, काहीही झालं तरी लोक तेच म्हणणार होते. शाप द्यायला तोंडही उघडायला नको होतं. आपण असं काही करू शकतो याची तिला स्वतःचीच किळस आली. पण ती लिफ्टमध्ये शिरली.

दार मिटता मिटता मध्ये एक अनवाणी पाय आला. सुदर्शन. पळत आलेला, मुकट्याचा काष्टा सुटू लागलेला. टाळ्यांच्या वेळी हसणारा तो चेहरा आता पार उतरला होता. फोटोंसाठी नाही. ताटासाठी.

"आक्का, असं नको करू. पोरांचं घर आहे. मी पाया पडतो तुझ्या. एक घास खा, फक्त एक. मी भरवतो."

"जेवते," वासंती म्हणाली. "पोटभर जेवते, पंगतीला बसून. वर विडाही खाते. तू आत जाऊन माइक घे आणि सांग, फोटो आक्काचे आहेत, आहेर खोटा होता. दोन वाक्यं. मग पत्रही नको. मी त्या कलादालनातल्या बाईंना सांगते, माझा भाऊ येऊन सांगेल म्हणून. माझं काय ते बघून घेईन मी."

लिफ्टचं दार त्याच्या पायाला आपटून परत उघडलं. पुन्हा मिटू लागलं, पुन्हा आपटलं. आतून ज्ञानदेवचा आवाज येत होता, आणि अपेक्षाचं हसणं, जरा जास्तच मोठं. इंटिरियरवाली शेवग्याच्या फोटोसमोर येऊन उभी राहिली होती आणि फोनवर कोणाला तरी त्याची लांबी-रुंदी सांगत होती.

सुदर्शननं तिच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आक्का," तो म्हणाला, आणि त्यानं पाय मागं घेतला.